‘आय’व्ह अ मीटिंग’ चालतं का?

प्रश्न असा होता की ‘आय’व्ह सीन इट’ कुणाला खटकत नाही, मग ‘आय हॅव्ह अ मीटिंग’चं ‘आय’व्ह अ मीटिंग’ केलं तर विचित्र का वाटतं, ते चूक आहे का?

चूक म्हणता येणार नाही, ब्रिटिश इंग्लिशमध्ये, विशेषतः जरा जुन्या वळणाच्या बोलण्यात, ते ऐकू येतं आणि ‘आय’व्ह नो आयडिया’ तर आजही सर्रास चालतं. पण अमेरिकन माणूस सहसा ‘आय हॅव्ह’ पूर्ण म्हणेल नाहीतर मध्ये गॉट घालून ‘आय’व्ह गॉट अ मीटिंग’ म्हणेल. कारण ‘आय’व्ह सीन’मध्ये हॅव्ह नुसतं सहाय्यक क्रियापद आहे, खरा अर्थ सीनमध्ये, त्यामुळे हॅव्ह बोलताना आपोआप गिळलं जातं. मीटिंगवाल्या वाक्यात मात्र तेच मुख्य क्रियापद, त्यालाच छाटलं तर सगळा भार एकट्या ‘व्ह’वर येतो. गॉट आलं की तो भार उचलायला कुणीतरी मिळतं, म्हणून ‘आय’व्ह टू गो’पेक्षा ‘आय’व्ह गॉट टू गो’ सहज वाटतं.

आणि जिथे हॅव्ह म्हणजे ‘असणं’ नसून खाणं-पिणं, करणं असं काही असतं तिथे ब्रिटिशही संक्षेप करत नाहीत. ‘आय हॅव्ह ब्रेकफास्ट अ‍ॅट एट’चं ‘आय’व्ह ब्रेकफास्ट’ करायचं नाही, तिथे गॉटसुद्धा बसत नाही.

माझ्या मते खरी गोम जोर कुठे पडतो यात आहे. ‘हॅव्ह यू सीन इट?’ला ‘येस, आय’व्ह’ असं उत्तर कुणीच देत नाही, हॅव्ह सहाय्यक असूनही, कारण पुढचं सगळं गाळल्यामुळे जोर त्याच्यावरच येतो आणि जोर असलेला शब्द आखडत नाही. ‘नो, आय हॅवन्ट’ चालतं कारण तिथे आखडलाय तो नॉट, हॅव्ह शाबूत आहे.

‘ही हॅज अ कार’चं ‘ही’ज अ कार’ मात्र चुकूनही करू नका, वाचणारा तिथे इज वाचतो आणि वाक्यातला ‘ही’ बिचारा स्वतःच गाडी होऊन बसतो :) ‘ही’ज गॉट अ कार’ लिहिलं की घोळ मिटला.

जाता जाता, ‘शुड’व्ह’चा उच्चार ‘शुड ऑव्ह’सारखा होत असल्याने खुद्द इंग्रजी मातृभाषा असलेले लोकही तिथे हॅव्हऐवजी ऑव्ह (of) लिहून मोकळे होतात, ते चूकच.