इमारतीचा बाहेरचा भाग शहराच्या आणि लोकांच्या आरोग्याच्या कामी येतो का?

नक्की येतो. तो फक्त शोभेचा विषय नाही. भर जुलैत सीएसएमटीहून फ्लोरा फाउंटनकडे दादाभाई नौरोजी रस्त्यानं चालून बघा, बराचसा रस्ता छत्री मिटून पार होतो. १८९६ च्या नियमानं इथल्या इमारतींना तळमजल्यावर कमानींखालचा पदपथ ठेवणं बंधनकारक होतं. वर प्रत्येकाची शैली वेगळी, खाली मात्र सावली सलग. म्हणून तिथं आजही लोक पायी जातात, खांबाशी टेकून गप्पा मारतात.

त्याच साली मुंबईत प्लेग आला. १८९८ मध्ये शहराची वस्ती सुधारण्यासाठी सुधार ट्रस्ट नेमला गेला आणि घराघरात उजेड-वारा पोचेल इतकं अंतर दोन इमारतींत सोडण्याचा विचार रुजला. तो आपण विसरलो, याचं मला फार वाईट वाटतं. मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंड या पुनर्वसन वसाहतीत इमारती इतक्या खेटून आहेत की खालच्या मजल्यांवर ऊन पोचत नाही, आणि तिथल्या क्षयरोगाचा संबंध अभ्यासकांनी याच कोंदटपणाशी जोडला आहे.

तुमच्या सोसायटीचा पुनर्विकास होत असेल, तर रस्त्याकडे पार्किंगची आंधळी भिंत येऊ देऊ नका. तिथं दुकानं, छज्जा आणि बसायला ओटा मागा.