वाचकांचे प्रश्न : वर्णभेद, मंडळी आणि प्रभुभोजनाचं मेज

प्रश्न : हामला शाप मिळाला म्हणून काळे लोक गुलाम झाले, असा संदेश मोबाइलवर फिरतोय. बायबलमध्ये तसं आहे का?
– एक वाचक, कोल्हापूर

नाही. उत्पत्तीचा नववा अध्याय काढा आणि पंचविसावं वचन बोट ठेवून वाचा. शाप नोहाचा मुलगा हाम याला नाही, हामच्या मुलाला, कनानला आहे. तोही देवाच्या नव्हे, द्राक्षारसाच्या धुंदीतून उठलेल्या नोहाच्या तोंडचा. हामचे मुलगे चार : कूश, मिस्राईम, पूट आणि कनान. इजिप्तच्या दक्षिणेकडच्या काळ्या लोकांचं नातं कूशशी सांगितलं जातं आणि कूशला शापाचा एक शब्दही लागलेला नाही. रंगाचा तर उल्लेखच नाही. गुलामांच्या व्यापाराला आधार हवा होता, म्हणून हा अर्थ वचनात मागून कोंबला गेला. उलट गणना १२ वाचा : मोशेच्या कूशी, म्हणजे कूशच्या वंशातल्या बायकोवरून त्याची बहीण मिर्याम कुरकुरली, तेव्हा हिमासारखं पांढरं कोड फुटलं ते मिर्यामच्या अंगावर.

प्रश्न : दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाच्या मागे चर्च कसं उभं राहिलं? आणि तो चर्चमध्ये मोडला कसा?
– एक वाचक, नागपूर

सुरुवात प्रभुभोजनापासून, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस वाटून घेण्याच्या विधीपासून झाली. रंग न पाहता सर्वांना एकत्र प्रभुभोजन द्यावं, असं दक्षिण आफ्रिकेतल्या केप प्रांतातल्या डच रिफॉर्म्ड चर्चच्या सिनॉडने (चर्चच्या मुख्य सभेने) १८२९ मध्ये ठरवलं होतं. पुढे स्टॉकेनस्ट्रॉम इथल्या मंडळीतले (स्थानिक चर्चमधले) गोरे सभासद वेगळं प्रभुभोजन मागू लागले. १८५७ च्या सिनॉडने तत्त्व सोडलं नाही, फक्त फट ठेवली : एकत्र बसणंच वचनाला धरून आहे, पण ‘काहींच्या दुर्बळतेमुळे’ अडत असेल तर गोरे नसलेल्यांची उपासना वेगळ्या इमारतीत व्हावी. इथेच घात झाला. प्रेषित पौल आपल्या पत्रांत सबळांना म्हणतो, दुर्बळासाठी तुमचं ताट आवरा. इथे सबळांनीच स्वतःला दुर्बळ म्हणवून घेतलं आणि दुसऱ्याला मेजावरून उठवलं. १८८१ मध्ये मिश्रवर्णीयांसाठी वेगळं चर्चच निघालं. १९४८ नंतर वर्णभेद कायद्यात आणणाऱ्या सरकारला साचा तयार मिळाला.

मोडायला पुढे आलं तेच वेगळं काढलेलं चर्च. १९८२ मध्ये त्याने ‘बेल्हार विश्वासकथन’ या श्रद्धेच्या जाहीरनाम्याचा मसुदा केला आणि १९८६ मध्ये तो स्वीकारला : ऐक्य, समेट आणि न्याय या तीन गोष्टी एकमेकींपासून तोडता येत नाहीत. १९९० मध्ये रुस्टेनबर्ग इथे भरलेल्या चर्चांच्या परिषदेत गोऱ्या चर्चचे धर्मशास्त्रज्ञ विली योंकर यांनी स्वतःचं आणि आपल्या लोकांचं पाप उघड कबूल केलं. काळे आर्चबिशप डेस्मंड टुटू यांनी उभं राहून क्षमा केली. कबुली झाली, पण परतफेड फार मागे राहिली. बायबलमधल्या जक्कय या जकातदाराने मात्र येशूसमोर लगेच ‘चौपट परत देतो’ असं सांगितलं होतं.

प्रश्न : आमच्या मंडळीत आफ्रिकेतून शिकायला आलेले विद्यार्थी येतात, मागच्या बाकावर बसतात आणि निघून जातात. आम्ही काय करावं?
– एक वाचक, पुणे

‘स्वागत आहे’ असा फलक लावून काही होत नाही. प्रेषितांची कृत्ये ६ मध्ये पहिल्या मंडळीतल्या ग्रीक भाषक विधवांची रोजच्या अन्नाच्या वाटणीत उपेक्षा होत होती. प्रेषितांनी तक्रार दाबली नाही. सात माणसं निवडली गेली, सातही नावं ग्रीक. ज्यांच्यातून तक्रार आली, त्यांच्याच हाती वाटप गेलं.

तेच करा. आधी दोन-तीन विद्यार्थ्यांना घरी जेवायला बोलवा आणि काय बोचतं ते विचारा. ऐकताना ‘आपल्याकडे तसं कुणाच्या मनात नसतं’ म्हणू नका. तिथेच माणूस गप्प होतो. मग शास्त्रवाचन, दानपात्र आणि समितीतल्या जागा द्या. समितीत एकट्याला घेऊ नका, किमान दोघं असावेत. एकटा माणूस शोभेचा होतो.

बहुतेकदा खरी अडचण घराची निघते. ज्यांचे फ्लॅट भाड्याने आहेत, अशा सभासदांशी पाळकांनी स्वतः बोलावं. परदेशी भाडेकरूची माहिती चोवीस तासांत ऑनलाइन कळवावी लागते, त्या कटकटीला मालक भितात. मंडळीतल्या एखाद्या तरुणाने शेजारी बसून तो फॉर्म भरून दिला, तर घर द्यायचे बरेच नकार गळून पडतात. उरलेला नकार रंगापायी असतो. तो पाळकांनी नाव न घेता, पण स्पष्ट शब्दांत, प्रभुभोजनाच्या आधीच्या रविवारी पाप म्हणून सांगावा.