उंची 5 फूट 5, आत्तापर्यंत फक्त 125 सीसी चालवलीय. रोज हिंजवडीला ऑफिस आणि मधूनमधून कोकण, तर पहिली मोठी बाईक कुठली घ्यावी?

होंडाची हायनेस सीबी350 घ्या, रॉयल एनफिल्डच्या हिमालयन 450 चा मोह आत्ता नको. मी स्वतः 350 वरच रोज हिंजवडीला जातो त्यामुळे सांगतो, तिथल्या ट्रॅफिकमध्ये पॉवर कामाला येत नाही, वजन आणि क्लच येतो. हायनेस साधारण 181 किलो, सीटची उंची 800 एमएम, क्लच एकदम हलका, त्यामुळे तासभर पहिला-दुसरा गिअर करूनही डावा हात भरून येत नाही. रॉयल एनफिल्डच्याच क्लासिक 350 चं वजन 195 च्या आसपास आहे, फरक छोटा वाटतो पण उतारावरच्या पार्किंगमधून गाडी मागे ढकलायची वेळ आली की कळतं! हिमालयनची सीट तर 825, ताम्हिणीत मागे माणूस आणि बॅग घेऊन उतारावर खडीत थांबलात आणि पाय पूर्ण टेकला नाही तर गाडी आडवी झालीच समजा. कोकणासाठी 15 लिटरची टाकी भरपूर झाली, आणि अलॉय व्हील्समध्ये ट्यूबलेस टायर असल्याने पंक्चर रस्त्याकडेलाच निघतं. ताशी 80-90 ला ती मजेत चालते, त्याच्या वर दमते, पण मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर दुचाकीला बंदीच आहे मग पळवणार कुठे?

फक्त एक बघा, ही गाडी होंडाच्या बिगविंग शोरूममध्येच मिळते आणि ती मोजकीच आहेत. घराजवळ सर्व्हिस नसेल तर सरळ रॉयल एनफिल्डची हंटर 350 घ्या, वजन तेवढंच, टाकी मात्र 13 लिटरची.