स्तर म्हणजे थर की पातळी?

प्रश्न असा: मोहेंजोदडोवरच्या एका लेखात ‘ही मुद्रा (म्हणजे शिक्का) खालच्या स्तरावर मिळाली’ असं वाक्य आहे. इथे स्तर म्हणजे थर समजायचा की पातळी?

मुळात ‘थर’ हा ‘स्तर’चाच घरातला अवतार. संस्कृतातल्या सुरुवातीच्या ‘स्त’चा प्राकृतात ‘थ’ होतो, स्तनचं थान झालं तसंच हे. त्यामुळे लेखकाने ‘खालच्या स्तरात’ लिहिलं असतं, तर मी निमूट थर असं वाचून पुढे गेलो असतो. घोटाळा ‘स्तरावर’मुळे होतो. हिंदीच्या वळणाने ‘राष्ट्रीय स्तरावर’ लिहायची खोड लागल्यापासून हा शब्द पातळीच्या खुर्चीतही बसायला लागला आहे. (मला ती खोड अजिबात आवडत नाही.)

एरवी सोडून दिलं असतं, पण उत्खननात हे दोन शब्द एक करून चालत नाही. पातळी टेपने मोजायची असते: ठरवलेल्या एका बिंदूपासून वस्तू किती फूट खाली मिळाली. थर डोळ्यांनी आणि हातांनी ओळखायचा असतो. खड्ड्याची उभी बाजू नीट तासली की कुठे राखेचा काळसर पट्टा, कुठे विटांचा चुरा, कुठे तुडवून घट्ट झालेली जमीन दिसते. त्यांच्या सीमेवर रेघ ओढून प्रत्येक थराला क्रमांकाची चिठ्ठी टोचतात.

मोहेंजोदडोला १९२०च्या दशकात उत्खनन करणारे पुरातत्त्वज्ञ जॉन मार्शल आणि त्यांच्यानंतर अर्नेस्ट मॅके यांनी भर दिला तो पातळीवर. सारख्याच फुटांवर खाली मिळालेल्या वस्तू एका काळातल्या, असा साधारण हिशेब. १९४४ मध्ये पुरातत्त्व खात्याचे महासंचालक झालेल्या मॉर्टिमर व्हीलर यांचा आक्षेप नेमका इथेच होता. शहर काही ताटासारखं सपाट नसतं. एक घर उंचवट्यावर, शेजारचं उतारावर. शिवाय नंतरच्या कुणी कचऱ्यासाठी खड्डा खणला, तर त्याची खापरं जुन्या वस्तूंच्या पातळीला जाऊन बसणार. पण तो खड्डा ज्या थरातून खाली खणला गेला, काळ त्या थरापासून धरायचा. त्याच वर्षी तक्षशिलेला व्हीलर यांनी प्रशिक्षणवर्ग घेतला, त्यात हीच थरवाचनाची शिस्त शिकवली.

आणखी एक गंमत. थरांचे क्रमांक वरून खाली जातात, कारण खणताना आधी भेटतो तो पहिला. कालखंडांचे मात्र आपल्याकडे सहसा खालून वर, सर्वांत जुना तो पहिला. दहीहंडीचे थर मोजणारा माणूस इथे हमखास चुकतो!

आता तुमचं वाक्य. मुद्रा मार्शल-मॅके यांच्या उत्खननातली असेल, तर मूळ नोंद बहुधा फुटांतली असणार; तिथे ‘अमुक फूट खोलीवर’ असंच लिहावं. थर खरोखर ओळखलेला असेल तर ‘खालच्या थरात’. ‘थरावर’ नको, कारण मुद्रा मातीत होती, मातीवर नव्हे.