आधी पाहुणा आण, मग ठरव

प्रिय पोरी,

तुझा मेसेज वाचला आणि दिवसभर मन खुशीत होतं. नोकरी लागली, कोथरूडला भाड्याचं घर मिळालं, आता एखादं कुत्रं किंवा मांजर दत्तक घ्यायचंय, कुठलं घेऊ, असं विचारलंयस. माझं उत्तर असं: आत्ता कुठलंच घेऊ नकोस. आधी फॉस्टर कर. रेस्क्यू केलेलं एखादं पिल्लू, ऑपरेशनमधून उठलेली मांजर किंवा माणसांना घाबरणारं मोठं कुत्रं काही आठवड्यांसाठी घरी आण, त्याला उभं कर आणि चांगल्या घरी पाठव. तुला जपून राहायला शिकवायचं म्हणून हे सांगत नाही. फॉस्टरिंगचा आनंद दत्तकाच्या आनंदाहून वेगळा असतो, आणि तो तुझ्या वाट्याला यावा असं मला फार वाटतं.

लोक मला म्हणतात, "किती करता हो तुम्ही!" जणू मी उपासतापास करते आहे. ते कौतुकाने म्हणतात हे कळतं, पण मी हे करते ते निव्वळ सुखासाठी. भेदरलेला जीव हळूहळू मूळपदावर येताना बघायला मिळणं, यासारखं सुख मला दुसऱ्या कशात सापडलेलं नाही.

खारीचंच सांगते. हिंजवडीच्या एका बांधकामाच्या जागेवरून आलेली, दीडेक वर्षाची, खारी बिस्किटाच्या रंगाची कुत्री. कुणीतरी पाठीवर गरम पाणी ओतलेलं. जखम भरत आली होती, पण माणसाचा हात दिसला की ती जमिनीला चिकटायची. घरी आल्या आल्या वॉशिंग मशीन आणि भिंत यांच्या फटीत शिरली ती शिरलीच. जेवायची रात्री, दिवे गेल्यावर. अशा वेळी ओढून बाहेर काढायचं नाही, लाडाने हाका मारायच्या नाहीत, डोळ्यात डोळे घालून बघायचं तर मुळीच नाही. मी तिच्याकडे पाठ करून जमिनीवर बसायचे आणि पेपर मोठ्याने वाचायचे, अग्रलेखापासून छोट्या जाहिरातींपर्यंत. मधूनच उकडलेल्या चिकनचा एखादा तुकडा न बघता मागे टाकायचा. आधी तुकडा तसाच पडून राहायचा. मग मी उठून गेल्यावर नाहीसा व्हायला लागला. मग मी तिथे असतानाच. मग एक दिवस माझ्या कोपराला गार, ओलं नाक लागलं. मी वाचत राहिले, पण काय वाचलं ते विचारू नकोस.

भेदरलेलं कुत्रं आडवं पसरून झोपत नाही. पाय पोटाशी घेऊन, केव्हाही उठून पळता यावं अशा बेताने डोळा लावतं. म्हणून ज्या दुपारी खारी हॉलच्या मधोमध, पंख्याखाली, कुशीवर सगळे पाय लांब करून झोपलेली दिसली आणि स्वप्नात तिचे पंजे हलत होते, त्या दुपारी मी स्वयंपाकघरात जाऊन आनंदाने रडले. नंतर बाकीचं भराभर आलं. उठल्यावर पुढचे पाय ताणून आळस, अंग झटकणं, पोटाखालची शेपूट वर येणं, कुकरच्या शिटीला नुसता एक कान हलवणं. रेस्क्यूवाले एक हिशेब सांगतात: भीती ओसरायला तीन दिवस, घराची रीत कळायला तीन आठवडे, घर आपलं वाटायला तीन महिने. काहींना जास्त लागतात. लागू देत. या बदलाला तुझ्याशिवाय दुसरा साक्षीदार नसतो, आणि हाच सगळा मोबदला.

मांजरीची पिल्लं हा निराळा प्रांत. उन्हाळ्यापासून त्यांचा नुसता पूर येतो. कुठे जिन्याखाली, कुठे स्कूटरच्या डिकीपाशी, कुठे चक्क खोक्यात घालून दाराशी ठेवलेली. एकटी दिसली की लगेच उचलू नकोस. आई बहुतेक वेळा खाणं शोधायला गेलेली असते. पिल्लं उबदार आणि शांत असतील तर लांबून काही तास नजर ठेव. आई आलीच नाही, किंवा पिल्लं गार पडली असतील, तरच हात घाल.

नुकतं जन्मलेलं पिल्लू शंभरेक ग्रॅमचं असतं आणि स्वतःचं अंग गरम ठेवणं त्याला जमत नाही. म्हणून आधी ऊब, मग दूध, हा क्रम कधी चुकवायचा नाही. गार पिल्लाला पाजलेलं पचत नाही. टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी पुरते. गाईचं दूध नको, त्याने जुलाब होतात आणि एवढ्याशा जिवाला जुलाब म्हणजे प्राणावर बेततं. मांजरीच्या पिल्लांसाठीची दुधाची पावडर मिळते, तीच वापर. पाजताना पिल्लाला पालथं, त्याच्या पोटावर ठेव. उताणं धरलं तर दूध फुप्फुसात जातं. दर दोन-तीन तासांनी पाजायचं, रात्रीसुद्धा. पाजून झालं की कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने शी-शूच्या जागा हलके पुसायच्या. आई चाटून हेच करते, त्याशिवाय पिल्लाला मोकळं होता येत नाही. आणि स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर रोज वजन. दिवसाला दहा-पंधरा ग्रॅम वाढलं तर सगळं ठीक चाललंय.

वाचताना हे कष्टाचं वाटेल. कष्ट आहेतच. पण पहाटे तीनला ओंजळीएवढं पिल्लू दोन्ही पंजे बाटलीवर रोवून चोखायला लागतं आणि प्रत्येक घोटाबरोबर त्याचे इवलेसे कान मागेपुढे हलतात, ते एकदा बघ. आठ-दहा दिवसांनी डोळे उघडतात, निळसर, धुक्यासारखे. मग ते चार पायांवर लटपटत तुझ्या दिशेने येतं आणि हातात घेतल्यावर आतून बारीकशी घुरघुर सुरू होते. झोपमोडीचं काय करायचं ते आपण दुसऱ्या दिवशी बघतो.

तुझ्या घराचा उपयोग किती आहे हेही सांगते, कारण "माझ्या एका खोलीने काय होणार" असं तू लिहिलंयस. जिथे खूप पिल्लं एकत्र असतात तिथे एका आजारी पिल्लामागून बाकीची जातात. कुत्र्यांमधला पार्वो आणि मांजरांमधला पॅनल्यूकोपेनिया हे विषाणू जागेवर महिनोन्‌महिने टिकून राहतात आणि लसीकरण पूर्ण न झालेल्या पिल्लांना बघता बघता नेतात. तुझ्या साध्या, रिकाम्या खोलीत तो धोका कितीतरी कमी. शिवाय तू एक पिल्लू घरी नेलंस की शेल्टरमध्ये एक जागा मोकळी होते, आणि तिथे असा एखादा जीव येतो ज्याला खरोखरच दवाखान्याची गरज आहे.

म्हणून थोडी शिस्त पाळ. नवीन आलेल्याला निदान दोन आठवडे वेगळं ठेव, घरात आधीचं जनावर असेल तर नक्कीच. पार्वोवर नेहमीच्या फिनाइलवर विसंबू नकोस. एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी, दहा मिनिटं ओलं राहू दे, मग पूस. काळं फिनाइल मांजरांना विषारी, ते घरातूनच काढ. कुत्र्याचं गोचिडांचं औषध मांजराला चुकूनही लावू नकोस, त्यातल्या परमेथ्रिनने मांजर दगावतं. पॅरासिटामॉलचंही तेच. कुत्र्याच्या पिल्लाची लस सहा ते आठ आठवड्यांची झाल्यावर सुरू होते, तीन-चार आठवड्यांनी पुढचे डोस, आणि तीन महिन्यांचं झालं की रेबीजची. तू स्वतःही डॉक्टरांना विचारून रेबीजची प्रतिबंधक लस आधीच घेऊन ठेव. चावलं किंवा ओरखडलं तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. आधी लस घेतलेली असली तरीही.

आता तुझा खरा प्रश्न. "मला जीव लागला तर? मग देववेल का?"

जीव लागणारच. लागला पाहिजे. कोरडेपणाने सांभाळलेलं जनावर माणसांवर विश्वास ठेवायला शिकत नाही. देताना रडू येतं, येऊ दे. खारीला साताऱ्याच्या एका निवृत्त जोडप्याने नेलं. गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी उभी होते आणि घरात आल्यावर तिचं पाण्याचं भांडं उचलवेना. काही महिन्यांनी त्यांच्याकडे गेले. तिने मला ओळखलं, धावत आली, हुंगलं, हात चाटले, सगळी शेपूट हलवून झाली. आणि मग वळून गेली ती थेट आजोबांच्या पायाशी बसली, हनुवटी त्यांच्या चपलेवर. मला तिथे अजिबात वाईट वाटलं नाही. माझं काम किती छान झालंय हे ती मला दाखवत होती.

मात्र घर निवडताना भीड धरू नकोस. दिवाळीत गावी गेलात तर हिच्याकडे कोण बघणार? बदली झाली तर? लग्न ठरल्यावर, बाळाची चाहूल लागल्यावर? घरातल्या सगळ्यांना हवी आहे का? मांजर द्यायची असेल तर खिडक्या-गॅलरीला पक्की जाळी आहे का, हे स्वतः जाऊन बघ. डासांची जाळी चालत नाही, मांजर तिच्यासकट खाली जातं. गरोदर बाईच्या घरातून मांजर काढायलाच हवी असं अजूनही किती जणांना वाटतं! लिटरचा, म्हणजे मांजराच्या शी-शूच्या वाळूचा, ट्रे दुसऱ्या कुणीतरी रोजच्या रोज साफ करायचा आणि मांजराला कच्चं मांस द्यायचं नाही, एवढ्यावर बहुतेक भागतं. पुढचं त्या बाईच्या डॉक्टरांना विचारायचं. नीट समजावलं की लोक ऐकतात, असा माझा अनुभव आहे. नसबंदीचं वचन मात्र लेखी घे.

आणि एखादा पाहुणा असा येईल की त्याच्यासाठी आलेल्या प्रत्येक घरात तुला खोट दिसायला लागेल. तेव्हा समज की तुझं दत्तक जनावर ठरलं. ते दिसायला कसं आहे याला तेव्हा काही अर्थ उरत नाही, कारण त्याचा स्वभाव तुला माहीत झालेला असतो. हा विजेच्या कडकडाटाला घाबरतो, हिला एकटं राहिलेलं चालतं, याला लहान मुलं आवडतात. फोटो बघून घेणाऱ्याला यातलं काहीच ठाऊक नसतं. तरी एक सांगून ठेवते: काळी मांजरं, तीन पायांची कुत्री, वयाने मोठी झालेली जनावरं सगळ्यांच्या शेवटी उरतात, आणि माझ्याकडे राहिलेल्यांत सर्वांत प्रेमळ हीच निघाली. आपल्या गावठी कुत्र्याचं अंग आपल्या उन्हासाठीच घडलेलं. पुण्याच्या एप्रिलमध्ये धापा टाकणारा हस्की पाहिला की माझा जीव तुटतो.

एक गोष्ट पटली नाही तरी ऐक. आपल्या गल्लीत सुखाने राहणाऱ्या, नसबंदी झालेल्या, त्याची खूण म्हणून कानाला खाच असलेल्या कुत्र्याला दया आली म्हणून फ्लॅटमध्ये कोंडू नकोस. त्याचं घर तीच गल्ली. २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियमही नसबंदीनंतर त्याला मूळ जागी सोडायलाच सांगतात. घराची गरज असते ती पिल्लांना, सोडून दिलेल्या पाळीव जनावरांना, अपंगांना. आणि रस्त्यावरचं कुत्रं रीतसर दत्तक घेतलंस, तर ते पुन्हा रस्त्यावर जाणार नाही ही जबाबदारी घेणाऱ्याची, असं सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात स्पष्ट म्हटलंय. गावठी कुत्री बारा-पंधरा वर्षं जगतात. तू चाळिशीला टेकशील तेव्हाही ते तुझ्या दाराशी असेल, हे धरून हिशेब कर.

सोसायटीची धास्ती बाळगू नकोस. बहुमताने ठराव केला तरी सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. घरमालकाचं वेगळं. त्यांची परवानगी लेखी घे, नुसतं "चालेल हो" पुरत नाही. कुत्रं कायमचं ठेवलंस तर महापालिकेचा परवाना काढ.

सध्या माझ्याकडे पाच आठवड्यांची दोन भावंडं आहेत, एक करडं, एक काळं. नुकती बाटलीवरून खाण्यावर आलीत आणि त्यांना पहिली लस होईपर्यंत जागा हवी आहे. दोघं एकमेकांशी खेळतात, त्यामुळे तू ऑफिसात असलीस तरी कंटाळणार नाहीत. ट्रे, लिटर, खाणं सगळं मी देते. घरमालकांशी बोलून घे, बाथरूमच्या खिडकीची फट बंद कर, आणि शनिवारी संध्याकाळी ये. रिक्षाने ये, गाडीवर पिंजरा धरायला अवघड जातं.

तुझी,
काकू