एलएलबीच्या पहिल्या वर्षाला लायब्ररीत नेमकं काय वाचायचं? नोट्स पुरत नाहीत का?

पुरतात. पास व्हायला पुरतात. माझ्या रूममेटने लायब्ररीचं कार्डसुद्धा काढलं नव्हतं आणि कॉन्ट्रॅक्टला त्याला माझ्यापेक्षा ११ मार्क जास्त पडले. आधीच सांगून टाकतो, कारण भेटला की अजून तो हेच ऐकवतो.

पण पहिल्या मूटला, म्हणजे कॉलेजातल्या लुटुपुटीच्या खटल्याला, मी त्याच्याच नोट्स घेऊन उभा राहिलो होतो. केस मोहरीबीबी विरुद्ध धर्मोदास घोष, १९०३. ठणकावून सांगितलं, अज्ञानाचा, म्हणजे वयात न आलेल्याचा, करार शून्य खरा, पण करार कायद्याच्या कलम ६४ खाली घेतलेले पैसे त्याने परत करायचे, असं प्रिव्ही कौन्सिल, म्हणजे ब्रिटिश काळातलं सगळ्यात वरचं अपील कोर्ट, म्हणतं. जज म्हणून बसलेल्या मॅडमनी शांतपणे विचारलं, "कुठल्या पानावर?" माझ्याकडे पान कुठलं, झेरॉक्स होती.

दुसऱ्या दिवशी लायब्ररी गाठली. 'आयएलआर ३० कलकत्ता ५३९' म्हणजे 'इंडियन लॉ रिपोर्ट्स' या निकालसंग्रहाच्या कलकत्ता मालिकेचा तिसावा खंड, पान ५३९, एवढंही मला कळत नव्हतं. तिथल्या काकांनी खंड काढून समोर ठेवला. कलम ६४ होतं की त्यात! पण तो सावकाराच्या बाजूचा युक्तिवाद होता, आणि कौन्सिलने तो फेटाळला होता, कारण ते कलम करार करायला पात्र असलेल्यांपुरतंच आहे. नोट्सवाल्याने युक्तिवाद उतरवला आणि पुढचं उत्तर गाळलं.

तर लायब्ररीत बेअर अ‍ॅक्ट, म्हणजे टीकाटिप्पणीशिवायचा मूळ कायदा वाचा, कलमाखालच्या इलस्ट्रेशन्ससकट, म्हणजे उदाहरणांसकट. आणि आठवड्याला एकच निकाल, पण अख्खा. निकालाच्या वर छापलेला सारांश, म्हणजे हेडनोट, संपादकाची असते, न्यायाधीशाची नाही. ती निकाल म्हणून पेपरात लिहू नका. केशवानंद भारती खटल्याच्या निकालापासून सुरुवात करायचा शहाणपणा नको, १३ न्यायमूर्ती आणि ११ निकालपत्रं आहेत त्यात. सुप्रीम कोर्टाचे निकाल ई-एससीआर या कोर्टाच्याच ऑनलाइन संग्रहावर फुकट मिळतात, प्रिव्ही कौन्सिलचे तिथे शोधू नका, त्यासाठी कपाटच उघडा.

पेपर पंधरा दिवसांवर आला असेल तर मात्र हे सगळं सोडा, नोट्सच काढा. आणि कपाटातलं क्रिमिनलचं पुस्तक जुनं नाही ना ते बघा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, खुनाची शिक्षा आता ३०२ मध्ये नाही, १०३ मध्ये आहे.

रूममेटच्या नोट्स म्हणे अजून ज्युनिअर्सकडे फिरतायत. कलम ६४ सकट.