वाचकांचे प्रश्न : मारियेची पूजा की मारियेला विनंती?

प्रश्न : आम्ही नगरकडचे प्रोटेस्टंट, सून वसईची कॅथलिक. तिने घरात येशूच्या आईचा, मारियेचा, पुतळा ठेवला आहे आणि रोज रात्री रोझरी (मण्यांच्या माळेवरची प्रार्थना) म्हणते. ‘आम्ही पूजा करत नाही’ असं सांगते. मग हे आहे काय?

उत्तर : सून खरं सांगते आहे, आणि तुमची शंकाही उगाच नाही. निम्मं भांडण मराठीने लावलं आहे. देवाचीही ‘भक्ती’ आणि मारियेचीही ‘भक्ती’! ग्रीकमध्ये शब्द वेगळे आहेत. ‘लात्रिया’ म्हणजे फक्त देवाची उपासना, ‘दुलिया’ म्हणजे संतांना दिलेला मान. मारियेचा मान संतांहून एक पायरी वर, पण उपासनेच्या खालीच. निकियाच्या दुसऱ्या परिषदेने (बिशपांच्या सभेने) ७८७ मध्येच सांगितलं की उपासना देवाचीच, आणि प्रतिमेला दिलेला मान प्रतिमेत दाखवलेल्या व्यक्तीला पोहोचतो.

आता सुनेची रोझरी हातात घ्या. मणी ५९. त्यातले ६ प्रभूच्या प्रार्थनेचे, ५३ ‘नमो मारिया’चे. या प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग तुमच्याच शास्त्रातला आहे : लूक १:२८ मधलं देवदूताचं अभिवादन आणि १:४२ मधले मारियेची नातलग अलीशिबा हिचे उद्गार. दुसऱ्या अर्ध्या भागात मारियेला म्हटलं जातं, आम्हा पाप्यांसाठी आता आणि आमच्या मरणाच्या वेळी विनंती कर. क्रियापद बघा. ‘दे’ नाही, ‘तार’ नाही, ‘विनंती कर’.

हा दुसरा भाग मात्र बायबलमधला नाही. त्याचं आजचं रूप रोमच्या प्रार्थनाग्रंथात १५६८ मध्ये पक्कं झालं. खरा वाद इथे आहे. प्रोटेस्टंट १ तीमथ्य २:५ पुढे करतात : देव आणि माणूस यांच्यात मध्यस्थ एकच, ख्रिस्त येशू. कॅथलिक विचारतात, मग पाळकांना ‘माझ्यासाठी प्रार्थना करा’ का म्हणता? त्यावर उत्तर येतं, पाळक जिवंत आहेत, मेलेल्यांना ऐकू येतं हे कुठे लिहिलंय? कॅथलिक प्रकटीकरण ५:८ दाखवतात, जिथे स्वर्गातले वडीलजन पवित्र जनांच्या प्रार्थना धुपाने भरलेल्या सोन्याच्या वाट्यांतून देवापुढे धरतात. प्रोटेस्टंट म्हणतात, त्या प्रार्थना वडीलजनांना केलेल्या नाहीत. इथे शब्दांचा घोळ संपतो आणि श्रद्धेतला खरा फरक उरतो. जेवणाच्या टेबलावर तो मिटणार नाही.

व्यवहारात ही रेषा पुसट होते, हेही कबूल करायला हवं. बांद्र्याच्या मोत मावलीला (माउंट मेरी चर्चमधल्या मारियेला) सप्टेंबरच्या जत्रेत मेणाचे हात, पाय, घरं वाहतात, आणि ‘मावली पावली’ म्हणणाऱ्याच्या मनात विनंती असते की नवस, हे बाहेरून कळत नाही. अतिरेकाला खुद्द व्हॅटिकननेही आवर घातला आहे. ४ नोव्हेंबर २०२५ च्या टिपणात मारियेसाठी ‘सह-उद्धारक’ ही पदवी अयोग्य ठरवली.

प्रश्न : मारियेबद्दलच्या कुठल्या शिकवणी प्रोटेस्टंटांना मान्य आहेत?

उत्तर : ‘देवमाता’ ही पदवी इफिसच्या परिषदेची, ४३१ ची. कॉन्स्टंटिनोपलचा बिशप नेस्तोरियस याला ‘ख्रिस्तमाता’ हवं होतं. वाद मुळात ख्रिस्त कोण याचा होता, म्हणून प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या ल्यूथरनेही ही पदवी सोडली नाही. मारिया कायम कुमारी राहिली हेही तो मानत असे. आजचे बहुतेक प्रोटेस्टंट मात्र मार्क ६:३ मधले येशूचे भाऊ दाखवून ते नाकारतात. प्राचीन चर्चचा विद्वान जेरोम याच्या मते ते चुलत-मावस भाऊ, पूर्वेकडच्या परंपरेत योसेफाची आधीची मुलं.

उरलेल्या दोन शिकवणी पोपनी जाहीर केलेल्या : १८५४ ची निष्कलंक गर्भसंभवाची आणि १९५० ची स्वर्गोन्नयनाची, म्हणजे मारियेला देहासह स्वर्गात घेतलं गेल्याची. पहिलीबाबत हमखास चूक होते. ती येशूच्या जन्माबद्दल नाही. आईच्या उदरात आल्या क्षणापासून मारिया मूळ पापापासून (आदामापासून सगळ्या माणसांना लागलेल्या पापापासून) मुक्त होती, असं ती सांगते. प्रोटेस्टंट दोन्ही नाकारतात, कारण शास्त्रात आधार दिसत नाही. पूर्वेकडचे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती मारियेच्या मृत्यूच्या स्मरणाचा १५ ऑगस्टचा सण पाळतात, पण १८५४ ची शिकवण त्यांनाही मान्य नाही.

प्रश्न : पोप संत ‘बनवतात’ का?

उत्तर : नाही, ही व्यक्ती स्वर्गात आहे असं जाहीर करतात. सहसा मृत्यूनंतर ५ वर्षांनी चौकशी सुरू होते. ‘धन्य’ ठरायला एक चमत्कार, ‘संत’ ठरायला त्यानंतरचा आणखी एक. हुतात्म्यांना पहिला लागत नाही. पोप सूटही देतात : गोव्याच्या जोसेफ वाझ यांना २०१५ मध्ये दुसऱ्या चमत्काराविना संत घोषित केलं. प्रोटेस्टंटांसाठी पौलाच्या पत्रांतले सगळेच विश्वासणारे ‘पवित्र जन’. तरी मुंबईच्या फोर्टातलं त्यांचं कॅथीड्रल संत थॉमसच्या नावाचं आहे. नाव चालतं, धावा चालत नाही!

प्रश्न : मी प्रोटेस्टंट, लग्न कॅथलिक चर्चमध्ये आहे. मारियेच्या पुतळ्याशी फुलं ठेवावीच लागतील का? मुलांबद्दल लिहून द्यावं लागेल का?

उत्तर : फुलांची प्रथा आहे, विवाहविधीचा भाग नाही. फादरना आधीच सांगा, आयत्या वेळी वेदीपुढे अडून बसू नका. अशा लग्नाला बिशपची परवानगी लागते. मुलांना कॅथलिक म्हणून वाढवण्याचा शक्य तेवढा प्रयत्न करीन, हे वचन कॅथलिक जोडीदार देतो. तुम्हाला त्या वचनाची कल्पना द्यायची असते, तुमच्याकडून वचन घ्यायचं नसतं. विधी सहसा मिस्साशिवाय (भाकर-द्राक्षारसाच्या उपासनेशिवाय) होतो, कारण मिस्सा असली तर निम्मे वऱ्हाडी, म्हणजे प्रोटेस्टंट, कम्युनियनच्या (पवित्र भाकर घेण्याच्या) वेळी बाकावरच बसून राहतात.